बहिरी रोपं

४ फेब्रुवारी

ही वही ताईने दिली ती काचघरातलं तापमान लिहायला. सकाळी किती, दुपारी किती. पण त्याला एक पान पुरतं, आणि वही चांगली जाडजूड आहे. मग उरलेल्या पानांनी काय पाप केलंय? त्यांच्यावर मी माझं लिहिणार. तापमान मागच्या पानावर.

तर मी मावशीकडे येऊन पोचलोय. मावशीच्या भाषेत मी म्हणजे "आमच्या बहिणीचा वाया गेलेला". याआधी टायरच्या दुकानात होतो. मग एका सर्कशीचे तंबू ठोकत गावोगाव हिंडलो. तिथे मॅनेजर एक दिवस म्हणाला, "तुझी उंची वाया चाललीये रे, विदूषकांत ये." त्याच दिवशी सोडली. शाळेचं म्हणाल तर मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आईचं आणि मास्तरांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

खरं तर मला बोटीवर जायचंय. खलाशी म्हणून. बंदरावरच्या भरतीत दोनदा गेलो, दोन्ही वेळा उंचीला नापास. फक्त दोन बोटं कमी! लिहिता येतं, पोहता येतं, दोराच्या गाठी झोपेतही मारतो, पण दोन बोटांसाठी समुद्र अडलाय.

ताई म्हणजे मावशीची मुलगी. ती वनस्पतींवर संशोधन करते. तिच्या शब्दावर मला काचघरात पाणी घालायचं काम मिळालं. उद्यापासून.

९ फेब्रुवारी

काचघर म्हणजे काचेची लांबलचक खोली. आत सतत दमट, बाहेर आलं की शर्ट पाठीला चिकटलेला. दोन्ही बाजूंनी लोखंडी मांडण्या आणि त्यावर वाटाण्याच्या कुंड्या. दारापासच्या रांगेत साधे बुटके वाटाणे, ते कॉलेजच्या पोरांना दाखवायला. आतल्या मांडणीवर ताईचे. तेही बुटके. मला तर सगळे सारखेच दिसतात, पण असं म्हटलं की ताई असं बघते जणू मी तिच्या पोरांची गल्लत केली.

एका पंख्यामागे पाल राहते. मी तिचं नाव मॅडम ठेवलंय. दुपारभर ती एकाच माशीकडे बघत बसली आणि मीही. त्या नादात पाइप तसाच चालू राहिला आणि माळीकाकांच्या चपला तरंगत दारापर्यंत आल्या.

माळीकाका म्हणजे इथले जुने माळी. बोलतात कमी, खिदळतात जास्त. दुसरा इथला ड्रायव्हर, सहा फूट आणि वर चार बोटं. सरांची, म्हणजे ताईच्या वरच्या साहेबांची जीप चालवतो, उरलेला वेळ काचघरात बिड्या ओढतो. पहिल्याच दिवशी त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं (फार वेळ लागला नाही) आणि माळीकाकांना विचारलं, "काय हो, मापात मिळाला का? हा तर पावशेरच आहे."

झालं. तेव्हापासून मी पावशेर. "पावशेर, पाणी घाल." "पावशेर, वरची काच पूस... अरे हो, स्टूल घे."

मी हसतो. हसलं नाही तर जास्त हसतात, हे सर्कशीत शिकलोय.

१४ फेब्रुवारी

आज डबा खाताना ताईने मला तिचं काम समजावलं. बहुतेक दुसरं कुणी ऐकत नसावं. मला जे कळलं ते असं.

प्रत्येक रोपाच्या पोटात एक स्वयंपाकी असतो. तो वाढीचं औषध शिजवतो. ताई त्याला संप्रेरक म्हणते, मला औषधच बरं वाटतं. ते थेंबभर मिळालं की रोप सरसर वर. स्वयंपाकी म्हणजे एक जनुक. दारापासच्या वाटाण्यांत हा स्वयंपाकीच मेलेला, म्हणून ते बुटके. हे सगळ्या जगाला ठाऊक.

पण ताईच्या रोपांत स्वयंपाकी धडधाकट आहे. तिने चार-चारदा तपासलंय. तरी ती बुटकी! ताईचं म्हणणं, स्वयंपाक्याला "चूल पेटव" सांगणारं एक वेगळं जनुक असतं, मुकादमासारखं, आणि तिच्या रोपांत तो मुकादमच पळालाय. असा मुकादम वाटाण्यात आजवर कुणी पाहिलेला नाही. सर म्हणतात, मुकादम-बिकादम काही नाही. औषध आत भरपूर असणार, पण ही रोपं बहिरी आहेत. औषध हाका मारतंय, त्यांना ऐकू येत नाही.

"मग खरं कोण?"

"सोपं आहे," ताई म्हणाली. "बाहेरून औषध फवारायचं. उपाशी असतील तर खातील आणि वाढतील. म्हणजे मी खरी. बहिरी असतील तर कितीही फवारा, ढिम्म. म्हणजे सर खरे."

"आणि सर खरे निघाले तर?"

ताईने डब्याचं झाकण लावलं. मार्चअखेर समिती बसणार आहे. तिला मिळालेली वाढीव मुदत तेव्हा संपते. रोपं उठली तर ती इथे राहील, पदवी होईल, मुकादम तिच्या नावावर लागेल. नाही उठली तर जागा दुसऱ्याला. इतकी वर्षं बी धरून धरून आत्ता कुठे पुरेशी रोपं झालीत.

"माझी रोपं बहिरी नाहीत रे," ती म्हणाली. जणू कुणी पोराच्या कानाची तक्रार घेऊन आलंय.

तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. मी म्हटलं, आधी चष्मा कर, मग मुकादम शोध. तिला हसू आलं नाही.

२० फेब्रुवारी

आज ड्रायव्हरशी बोटीचा विषय निघाला. दोन बोटांचं मी सांगायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.

त्याने चेष्टा केली नाही. बिडी विझवली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "येड्या, तू बसलायस कुठे? विहिरीच्या काठावर बसून तहान तहान काय करतोस?"

"म्हणजे?"

"ताईबाईंच्या फ्रिजात बाटली आहे ना? गेल्या वर्षीच्या बाटलीतून दारापासच्या रोपांवर एक फवारा मारला होता. चार दिवसांत छताला लागायला निघाली. विचार काकांना."

माळीकाका खोकत म्हणाले, "खरंय. डोळ्यांनी पाहिलंय."

"रोप चार दिवसांत हातभर वाढतं. तुला तर दोन बोटंच पाहिजेत. पोटऱ्यांना चोळायचं, गुडघ्याला चोळायचं, सकाळच्या चहात दोन थेंब. माणूस काय नि झाड काय, वाढ ती वाढच."

मी म्हटलं, ताईला विचारतो. तो म्हणाला, "विचार की. आणि 'पावशेरला शेर व्हायचंय' हे सगळ्या कचेरीला सांग."

नाही विचारणार.

२१ फेब्रुवारी

घेतलं.

दुपारी ताई सरांकडे होती. फ्रिजात तपकिरी बाटली, तिच्यावर ताईने तांबड्या पेनाने रेघ मारलेली, म्हणजे औषध कुठवर आहे ते कळावं. माझ्याकडे खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. म्हटलं, थोडं घ्यावं. मग म्हटलं, रोज रोज फ्रिज उघडायचा, कुणी पाहिलं तर? चोरी करायची तर एकदाच काय ती. सगळंच ओतून घेतलं. खोकल्याची बाटली गळ्यापर्यंत भरली.

पण ताईचं नुकसान करायचं नव्हतं. म्हणून तिची बाटली नळाच्या पाण्याने बरोब्बर तांबड्या रेघेपर्यंत भरून ठेवली. थोडं स्पिरिटही टाकलं, वास तसाच यावा म्हणून. कमी म्हणून काही नाही. शिवाय अत्तराची कुपी दहा वेळा धुतली तरी वास जातो का? रोपाला लागतो थेंबभर, तेवढं काचेला चिकटलेलं असणारच.

रात्री पोटऱ्यांना चोळून झोपलो. जरा चुणचुणतंय. म्हणजे काम सुरू.

२७ फेब्रुवारी

अवजारांच्या खोलीच्या दाराला पाठ लावून ड्रायव्हरने माझी उंची पेन्सिलीने मारून ठेवली होती. आज पुन्हा मापली. रेघेच्या वर सरकलोय! दोन सूत तरी. माझा विश्वास बसेना, वळून पाहिलं. रेघ खाली, डोक्याची खूण वर. माळीकाकांनी तर हातच जोडले.

मी म्हटलं, मीच मापू का एकदा? तर ड्रायव्हर म्हणाला, "स्वतःची उंची स्वतः मापली की मोजत नाही. न्हावी स्वतःची हजामत करतो का?" तेही खरंच.

मावशीला मात्र फरक दिसत नाही. जेवताना म्हणाली, "काय आरशात बघतोस सारखा? तिथे काही उगवणार आहे का?" मग तिचा मोर्चा ताईकडे. "आणि ही एक. बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली, ही अजून वाटाणे मोजतेय. वाटाणे! अगं, बाजारात मिळतात, सोलून."

ताई म्हणाली, "आई, महिनाभर थांब. उठतील."

काल ताईने फवारलं. प्रत्येक रांगेत निम्म्या कुंड्यांना तांबडा दोरा, त्यांना औषध. दोरा नसलेल्यांना नुसतं पाणी. फवारताना ती रोपांशी पुटपुटत होती. माळीकाका म्हणाले, मंत्र म्हणतेय.

५ मार्च

मी वाढतोय, ताईची रोपं नाहीत.

आठवडा झाला. ती रोज पट्टी घेऊन वाकते, मापते, चष्मा पुसते, पुन्हा मापते. दोऱ्यावाली आणि बिनदोऱ्याची, तोंडं सारखीच. सर आज जीपमधून उतरून खास बघायला आले. हात मागे बांधून एकदा इकडून तिकडे फिरले.

"शांत बसलीयत," ते म्हणाले. "वर्गात मागच्या बाकावर बसतात तशी."

ड्रायव्हर हसला. सर बोलले की तो हसतो, त्याचा पगार त्यातच आहे.

"पुन्हा फवारते सर. कदाचित प्रमाण कमी पडलं."

"फवारा. फवारायला काय हरकत. बहिऱ्यापुढे दोनदा गायलं तर ऐकू येतं असं माझ्या ऐकिवात नाही, पण फवारा."

मला ताईची दया आली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी दुसऱ्याच विचारात होतो. पंधरा तारखेला बंदरावर भरती आहे. मॅडमला दोन पिल्लं झाली आहेत, टाचणीएवढी.

१२ मार्च

दुसऱ्या फवाऱ्यालाही काही नाही. ढिम्म.

घरी आल्यावर ताई जेवली नाही. मावशी म्हणाली, "न जेवून तुझे वाटाणे वाढणार आहेत का? एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. तुझ्या आत्याच्या दिराचं चपलांचं दुकान आहे, त्यांना हिशेबी मुलगी हवीच आहे. मी शब्द टाकून ठेवलाय."

"तू आधीच टाकलास?"

"मग काय, तुझी रोपं वर येण्याची वाट बघू? मी वर जायची वेळ आली."

१३ मार्च

आज घाम फुटला. ताईने मला आत बोलावलं. टेबलावर तपकिरी बाटली.

"खरं सांग. या बाटलीला कुणी हात लावला होता का?"

"बाटलीला? नाही."

"फ्रिज कधी बंद पडला होता? कुणी उन्हात ठेवली? सांडली, पुन्हा भरली? मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. मला ते कळलं तर मी वाचते."

मी बाटलीकडे पाहिलं. तांबड्या रेघेच्या थोडी खाली, म्हणजे तिने दोनदा वापरलं तेवढीच. सांगून टाकावं असं एकदा आलं मनात. पण सांगायचं काय? की मी पोटऱ्यांना चोळतो? बाहेर ड्रायव्हर आणि काका बसलेले, आत सर कधीही येतील. उद्या सगळ्या इमारतीत पावशेरची गोष्ट. आणि परवा माझी भरती! दोन दिवसांचा तर प्रश्न.

"कुणी हात लावला नाही ताई. माझी शपथ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवली.

सरांकडे तिने नवी बाटली मागितली. मी दारात झाडत होतो, मला ऐकू आलं. सर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. बाटलीवर संशय आहे ना? मग बाटलीचीच परीक्षा घ्या. दारापासची साधी बुटकी रोपं आहेत, त्यांना औषध चालतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांच्यावर हीच बाटली फवारा. ती नाही उठली तर बाटली वाईट. मी त्याच दिवशी नवी मागवीन, आणि समितीची तारीखही पुढे ढकलीन. आणि ती उठली तर मात्र..."

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा तजेला होता. दारापासच्या रांगेतल्या चार कुंड्यांना तांबडा दोरा बांधला, फवारलं. मला म्हणाली, "देवा, ही रोपं उठू नयेत. काय वेळ आलीये बघ, बुटकी राहा म्हणून प्रार्थना करतेय."

१५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

बंदरावर उंची मापणारा कारकून तोच. दांडीवरची फळी माझ्या डोक्यावर टेकवली, आकडा वाचला आणि म्हणाला, "अरे, तू मागेही आला होतास. तेव्हा केस तरी जास्त होते. पुढचा!"

एक सूतसुद्धा नाही. होतो तेवढाच. मी म्हटलं, पुन्हा मापा, तुमची दांडी चुकीची आहे. मागची रांग हसली. एकाने मला काखेत धरून वर उचललं आणि म्हणाला, "साहेब, आता बघा बसतो का!"

तसाच काचघरात आलो. ड्रायव्हरला म्हटलं, दाराची रेघ खोटी की बंदराची दांडी खोटी? तो आणि काका एकमेकांकडे बघायला लागले आणि मग जे सुटले! ड्रायव्हर पोट धरून मांडणीला टेकला. दर वेळी तो जुनी रेघ खोडरबराने पुसत होता आणि नवी खाली मारत होता. एवढंच. सगळी माझी वाढ त्या खोडरबराची.

आवाज ऐकून ताई आली. "काय झालं?"

ड्रायव्हरने सांगितलं. औषधाचं नाव काढलं नाही, ते कसं काढेल, शिकवलं कुणी! म्हणाला, "पावशेर रोज पायांना तेल चोळत होता ताईबाई, उंची वाढावी म्हणून. आणि आम्ही दाराला बुटकं करत होतो."

ताई हसली. किती दिवसांनी हसली असेल. आधी तोंडावर हात धरून, मग धरवेना. चष्मा काढून डोळे पुसले. "अरे वेड्या," ती म्हणाली, "तू आणि माझी रोपं एकाच वाणाची रे! काहीही चोळा, ढिम्म!" आणि परत हसली.

ड्रायव्हरचं हसणं मला चालतं. ताईचं लागलं. तिला मी कधी तिच्या रोपांवरून हसलोय? एकदा चष्म्यावरून म्हणालो असेन, तेवढंच.

सगळे गेल्यावर खोकल्याची बाटली खिशातून काढली. अजून बरीच भरलेली होती. फोडणार होतो. मग म्हटलं, औषध ते औषध, फुकट कशाला? दाराशीच तांबडे दोरे बांधलेल्या कुंड्या होत्या. त्यांना औषध द्यायचंच आहे. त्या चौघींच्या मुळांशी ओतून टाकलं. तिथेच संपलं, आतल्या ताईच्या कुंड्यांपर्यंत पुरलं नाही. पुरलं असतं तरी आज तिला दिलं नसतं.

२२ मार्च

दारापासची चार रोपं उठली. उठली म्हणजे काय, धावत सुटली! काठीला बांधायला दोरा पुरेना. बाजूची बिनदोऱ्याची तशीच खुजी.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ताईने विचारल्यापासून आत कुठेतरी टोचत होतं, की आपण भरलेल्या पाण्याने काही बिघडलं की काय. पण बाटलीची परीक्षा झाली, बाटली पास. मी ओतलं ते मुळाशी, ताईने फवारलं ते पानांवर. वाढतात ती पानं. तेव्हा ती वाढ ताईच्या बाटलीचीच. म्हणजे काचेला चिकटलेलं पुरलं की, अत्तराच्या कुपीसारखं!

सर आले, रोपांकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "बाटली उत्तम आहे," म्हणाले. गोड आवाजात. "आता तुमच्या मांडणीकडे बघू या का?"

कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं नव्हतंच काही.

ताई संध्याकाळपर्यंत आतल्या मांडणीपाशी स्टुलावर बसून होती. मी पाणी घालत जवळ गेलो. ती एका रोपाच्या पानाला बोट लावून म्हणाली, "बहिरीच निघाली रे. इतकी वर्षं मी यांच्याशी बोलतेय." मी पाइप बंद केला. म्हटलं, "चहा आणू?"

२८ मार्च

समिती झाली. मी बाहेर चहाचे पेले धरून उभा होतो. फार वेळ लागला नाही. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, सर काहीतरी मागच्या बाकाचं म्हणाले असावेत. ताई बाहेर आली आणि थेट गेटकडे गेली. पिशवी आतच राहिली. मीच नेऊन दिली.

मावशी रडेल वाटलं होतं. तिने ताईच्या पानात जास्तीचं वाढलं. "सुटलीस," म्हणाली.

३ एप्रिल

ताई गेली. चपलांचं दुकान गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. निघताना तिने दोऱ्याचा चष्मा ठेवून दिला, मावशीने नवा करून दिला. दुकानात बरा दिसायला.

मला म्हणाली, "माझी रोपं सर टाकायला सांगतील. टाकण्याआधी बी धर. कशासाठी ते विचारू नकोस."

गाडी सुटताना तिने खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. खिडकी उंच, मी खाली. तिचा हात सहज पोचला.

१८ एप्रिल

रोपं टाकायची राहूनच गेली. सर म्हणाले होते "टाक", मी म्हटलं "टाकतो", मग मॅडमच्या पिल्लांतलं एक पंख्यात अडकलं. त्यावरून बरंच रामायण झालं, ते लिहीत नाही. बी धरायचंही राहिलंय, शेंगा अजून हिरव्या आहेत.

ताईची जुनी बाटली संपली. आज नवी आली. कॉलेजची पोरं येणार म्हणून सर म्हणाले, "दारापासच्या उरलेल्यांवर फवार." फवारलं. पंपात थोडं उरलं. ओतून द्यायचं तर नळापर्यंत जावं लागतं. आतली मांडणी जवळ. ताईच्या कुंड्यांवर मारून टाकलं. नाही तरी बहिरीच आहेत.

२५ एप्रिल

कमाल झाली.

सकाळी काचघर उघडलं तर आतल्या मांडणीवर जंगल! ताईची रोपं, ढिम्म रोपं, एकमेकांच्या खांद्यावर चढून वर निघालेली. काही तर काठी सोडून लोंबताहेत.

माळीकाका आले, बघितलं, खिदळले नाहीत. "फवारलं कुणी?"

"मी."

"तुझ्या हाताला गुण आहे रे," ते म्हणाले.

सरांना बोलावलं. ते धावतच आले. एकेका रोपाच्या बुंध्याला हात लावून बघितला. मग दार आतून लावलं. "हे आणखी कुणी पाहिलं?"

"मी आणि काका."

"तुझ्या ताईला कळवलंस?"

"नाही अजून."

"कळवू नकोस," सर म्हणाले. आवाज एकदम घरच्यासारखा. "ती बिचारी आत्ता कुठे सावरतेय. उगाच जखमेवरची खपली काढायची कशाला?"

मला ते पटलं. सर वरून कडक आहेत, पण मन मऊ आहे माणसाचं. जाताना विचारलं, "तुला इथे कायम राहायला आवडेल? बोटीबिटीचं वेड डोक्यातून काढ. इथे उंची लागत नाही."

काचघरातलं तापमान आता ते रोज मला विचारून घेतात. ताईच्या कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्या. त्यावर सरांचं अक्षर.

४ मे

कायम झालो! मावशीने पहिल्यांदा मला "आमचा" म्हटलं, नुसतं "आमचा", पुढे काही न लावता.

रोपं आता दाराच्या चौकटीएवढी झालीत. एक कुंडी मी मुद्दाम अवजारांच्या खोलीच्या दाराशी नेऊन लावून बघितली. ड्रायव्हरने मारलेली शेवटची रेघ तिने केव्हाच ओलांडलीय. माझं डोकंही. सरांचं मोठं भाषण आहे पुढच्या महिन्यात, मुकादमावर. ड्रायव्हर म्हणतो, परदेशातून माणसं येणार.

काचघरात ताईचा फोन आला, दुकानातून. मागे कुणीतरी ओरडत होतं, "सातचा जोड कुठे ठेवलाय?" दिवसभर खाली बसून लोकांचे पाय मापते म्हणाली. "पट्टी काही सुटली नाही बघ माझी." मी हसलो. तीही जराशी.

मग म्हणाली, "माझी रोपं?"

"टाकली."

"बी धरलंस?"

"सरांनी मागून घेतलं."

मग हळूच विचारलं, "टाकायच्या आधी... एखादं तरी जरा उठलं होतं का रे? अगदी बोटभर?"

सरांची सूचना होतीच. शिवाय तिचं समाधान कशात आहे ते मला कळतं, मी लहान नाही. मी समोर बघितलं. काचेला टेकून मांडणीवरची रोपं छताला लागली होती, त्यांना वळायला जागा नव्हती.

"नाही ताई," मी म्हटलं. "ढिम्म."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू आला. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं. ती मुळातच बहिरी होती."

सकाळी एकतीस, दुपारी अडतीस.